पैनगंगा ते पेट्रापोल

आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातलं बाजाराचं गाव अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर, संगारेड्डी अशा वाटेने जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग १६१ वर वसलं आहे. इंदूरहून हैदराबादकडे निघालेल्या मालट्रकांची ही सरळ वाट. पुढे वारंगा फाट्यावर नागपूर-तुळजापूर महामार्ग येऊन मिळतो आणि वर्दळ आणखी वाढते. ढाब्यासमोर उभ्या असलेल्या एखाद्या ट्रककडे जवळून पाहिलं तर कपाळावर नॅशनल परमिटची अक्षरं रंगवलेली असतात. चालकाच्या डोक्यावरच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, बिल्टी आणि ई-वे बिलाची प्रत असते. या गाडीला मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि तेलंगणा अशी तीन राज्यं ओलांडायची आहेत. तेवढ्या वाटेत माल एकदाही खाली उतरत नाही, चालक बदलत नाही, विमा नव्याने काढावा लागत नाही. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की ते कुणीतरी भांडून, तडजोडी करून, अनेक वर्षं खपून घडवलं आहे याचा विसर पडतो.

हा विसर महागात पडतो. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांच्यातली वाहतूक अडते कशामुळे, असं विचारलं की उत्तर तयार असतं : रस्ते चांगले नाहीत, पूल नाहीत. रस्ते आता बऱ्यापैकी आहेत, पूलही होत आहेत. गाडी अडते ती नियमांपाशी. माझं म्हणणं असं की शेजारी देशांच्या वाहतूक धोरणांचा मेळ नुसते डांबर-सिमेंट ओतून बसत नाही. प्रत्येकाने गाडी अडवण्याचा आपला थोडा थोडा हक्क सोडावा लागतो, आणि तो सोडल्याने ज्याचं नुकसान होतं त्याला त्याचा मोबदला रोख द्यावा लागतो. यातली पहिली गोष्ट सगळे बोलतात. दुसरी बहुतेक करारांत राहून जाते आणि करार तिथेच मोडतात.

मराठवाड्याला हे दुसऱ्या कुणी सांगण्याची गरज नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, आणि वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. आजच्या हिंगोली-वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाक्याच्या पुढे गेलं की जिल्हा बदलतो एवढंच आपल्याला जाणवतं. त्या काळी तिथे राज्य बदलत होतं. अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे इंग्रजी कलदार रुपया. अलीकडे निजामाचं टपाल, पलीकडे इंग्रजांचं. हद्दीवर करोडगिरीचं खातं माल तपासून जकात घ्यायचं. नदीच्या दोन्ही काठांवर मराठी बोलणारी, एकाच बाजाराला जाणारी, एकमेकांत सोयरीक करणारी माणसं होती, पण कापसाच्या गाडीच्या दृष्टीने ते दोन देश होते.

विशेष हे की या संस्थानाच्या आत वाहतुकीची आखणी चांगली होती. निजाम सरकारने १९३० मध्ये रेल्वे कंपनीकडून विकत घेऊन आपल्या ताब्यात आणली आणि १९३२ मध्ये त्याच रेल्वे खात्याखाली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. रेल्वे आणि बस एकाच खात्याच्या हाताखाली, म्हणजे एकीने दुसरीचे उतारू पळवायचे नाहीत, तर रेल्वे जिथे संपते तिथून बसने पुढे न्यायचं. त्याच सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानात रेल्वे आणि मोटारींची स्पर्धा ही सरकारची डोकेदुखी झाली होती आणि १९३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना त्यावर अहवाल लिहावा लागला. हैदराबादेत हा प्रश्न मुळातच सोडवलेला होता, कारण मालक एक होता. पण त्या मालकाची हुकमत हद्दीपर्यंतच चालायची. हद्दीवर शहाणपण थांबायचं आणि माल उतरायचा.

मनमाडला हे सगळ्यांत उघड दिसायचं. हैदराबाद-मनमाड हा गोदावरी खोऱ्यातला लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. तो मीटरगेज होता. मनमाडवरून मुंबईला जाणारा जीआयपी रेल्वे कंपनीचा मार्ग ब्रॉडगेज. दोन रुळांमधलं अंतर वेगळं, म्हणून एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालणं अशक्य. परभणी-जालन्याकडचा कापूस, तेलबिया, धान्य, जे काही मुंबईच्या बाजारात जायचं ते मनमाडला हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायचं. पोत्यामागे हमाली, वेळ, गळती आणि चोरी हे सगळं शेतकऱ्याच्या भावातून वजा व्हायचं. पूर्णा-हिंगोली फाटाही मीटरगेजच.

यातून मला जे दिसतं ते सांगतो. संस्थान १९४८ ला गेलं. हाली सिक्का गेला, करोडगिरी गेली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पण मनमाडची अदलाबदल चालूच राहिली. मनमाड-औरंगाबाद मार्ग ब्रॉडगेज झाला १९९० च्या दशकात, आणि पूर्णा-हिंगोली-अकोला मार्गाला त्यासाठी २००८ साल उजाडावं लागलं. तोवर जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस हिंगोलीवरून मीटरगेजनेच धावायची. म्हणजे राज्य मोडल्यावर त्याचा एक तांत्रिक निर्णय जवळपास साठ वर्षं या भागाच्या मालावर कर लावत राहिला. नकाशावरची सीमा पुसणं सोपं असतं. रुळाची रुंदी, धुरीवरचं वजन, विम्याची अट, चालकाचा परवाना यांत मुरलेली सीमा चिवट असते, कारण तिच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. शेजारी देशांनी धोरण एकत्र आखायचं ते आधी या गोष्टींचं. त्या आधी ठरल्या नाहीत तर मागाहून बदलायला पिढ्या जातात.

एका देशाच्या आतही हे सहज घडलं नाही. घटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मोकळा केला, तरी राज्यं आपापल्या हद्दीवर मोटारींकडून कर घेत राहिली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. राजस्थानातल्या मोटार वाहतूकदारांच्या १९६२ च्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की रस्ता वापरल्याचा मोबदला म्हणून घेतलेला कर ही व्यापारातली आडकाठी नव्हे. पुढे २०१६ मध्ये न्यायालयाने हा सिद्धान्त बाजूला ठेवला, पण त्यामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो. रस्ता झिजतो त्याचे पैसे मागणं रास्त आहे. केवळ गाडी आपल्या दारातून जाते म्हणून ती अडवून पैसे मागणं रास्त नाही.

२०१० मध्ये नॅशनल परमिटची नवी पद्धत आली तेव्हा हाच विचार कामी आला. आधी ज्या ज्या राज्यात जायचं त्याची फी वेगळी भरायची. नव्या पद्धतीत गाडीवाल्याने वर्षाला १५ हजार रुपये एकरकमी भरायचे आणि केंद्राने ते राज्यांमध्ये वाटायचे. राज्यांनी अडवण्याचा हक्क सोडला तो देशप्रेमाच्या उमाळ्याने नव्हे, वाटा मिळाला म्हणून. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात उठली, राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकर नाके बंद झाले. त्या वेळीही केंद्राने राज्यांना पाच वर्षं, दर वर्षी १४ टक्के वाढ धरून, नुकसानभरपाईची हमी दिली होती. ती हमी नसती तर महाराष्ट्रासारखं कारखानदारीचं राज्य या कराला तयार झालं असतं का, याची मला शंका आहे.

आता हद्दीपलीकडे पाहू. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूच्या सार्क परिषदेत मोटार वाहन करार होणार होता. पाकिस्तान तयार झाला नाही. मग १५ जून २०१५ ला थिम्पूमध्ये बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चौघांनी आपसांत तो केला. एका देशाची गाडी माल न उतरवता दुसऱ्या देशात जाईल, हा त्याचा गाभा. कोलकाता-ढाका-आगरतळा अशा चाचणीच्या फेऱ्याही झाल्या. त्यानंतर इतकी वर्षं लोटली, तरी पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलला भारतीय ट्रक पलीकडच्या बेनापोलच्या आवारापर्यंतच जातो. तिथे माल उतरतो आणि बांगलादेशी ट्रकमध्ये चढतो. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालानुसार या एका सीमेवर मालाला कित्येक दिवस लागतात, आणि पूर्व आफ्रिकेतल्या तेवढ्याच वर्दळीच्या सीमा सहा तासांच्या आत ओलांडून होतात. मनमाडच्या फलाटावर जे घडायचं तेच इथे घडतं, फरक इतकाच की इथे दोन्ही गाड्यांची चाकं सारखी आहेत.

हिंगोलीच्या शेतकऱ्याला याच्याशी काय करायचं, असं कुणी म्हणेल. तर करायचं आहे. हा हळदीचा जिल्हा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि भारतीय हळदीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत बांगलादेश आहे. काढणी झाली, हळद शिजवली, वाळवली, ढोलात पॉलिश केली, मोंढ्यात सौदा झाला. या सगळ्या खटाटोपात मालाचा ओलावा कमी ठेवण्यावर अर्धं लक्ष असतं. असा वाळलेला माल जूनच्या दमट हवेत सीमेवरच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभा राहिला की पोत्यातला दर्जा उतरतो, आणि थांबलेल्या गाडीचं रोजचं भाडं चढत जातं. ते व्यापारी भरत नाही. पुढच्या सौद्याला भाव पाडून तो ते वसूल करतो, आणि पाडायला हाताशी असतो तो मोंढ्यातला शेतकरी.

करार झाला आणि अडला. अडवला कुणी? सगळ्यांत लहान देशाने. नोव्हेंबर २०१६ मध्ये भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला. पुढच्या वर्षी भूतानने इतर तिघांना सांगितलं की तुम्ही पुढे जा, आम्ही तूर्त थांबतो. आपल्याकडे यावर एक नाराजीचा सूर उमटला : एवढासा देश आणि एवढा ताठा. मला हा सूर अन्यायाचा वाटतो. आठ लाखांच्या आतबाहेरची लोकसंख्या, डोंगरकड्याला चिकटलेले अरुंद रस्ते, आणि देशाचा किमान ६० टक्के भाग कायम जंगलाखाली ठेवण्याचं घटनेचंच बंधन. तिथल्या मालवाहतूकदाराला भीती आहे की शेजारच्या मोठ्या ताफ्यांपुढे आपल्या दोन-चार ट्रकांचा धंदा बसेल. गाड्या त्यांच्या, धूर आमच्याकडे, ही तक्रार खोटी ठरवता येत नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला तर ती लगेच कळायला हवी. नागपूर ते गोवा हा आठशे किलोमीटरच्या आसपासचा शक्तिपीठ महामार्ग या जिल्ह्यातून जायचा आहे, आणि इथल्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे. जमीन बागायती आहे, ती आमची जाते. वरून शंभराच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला आमच्या गावात थांबायचं कारण नाही, आणि शेजारून समांतर रस्ते आधीच आहेत. या म्हणण्याशी कुणी सहमत असो वा नसो, पण ज्याच्या दारातून रस्ता जातो त्याला हिशेब विचारायचा हक्क आहे, हे आपण इथे मान्य करतो. मग थिम्पूच्या सभागृहाने तोच हिशेब विचारला तर त्याला ताठा म्हणायचं कारण उरत नाही. भूतानला उत्तर द्यायचं तर ते आकड्यांत द्यायला हवं होतं : वर्षाला इतक्याच परदेशी गाड्या, त्यातला इतका वाटा भूतानी मालकांना राखीव, रस्त्याच्या झिजेपोटी इतकी फी थेट त्यांच्या तिजोरीत, जुन्या इंजिनांना मनाई. कराराच्या मसुद्यावर सह्या आधी झाल्या आणि या गोष्टी मागाहून ठरवायच्या राहिल्या. क्रम उलटा होता.

आकड्यांनी भांडण कसं मिटतं याचा दाखला शेजारी तेलंगणात आहे. नांदेडहून निजामाबादला जाणारी एसटी आंतरराज्य कराराने चालते. कुणाच्या किती गाड्या दुसऱ्याच्या हद्दीत किती किलोमीटर धावणार, हे दोन राज्यं आधी ठरवतात. आंध्र प्रदेश आणि तेलंगणा २०१४ मध्ये वेगळे झाले, पण त्यांच्यात असा करार राहून गेला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत बस थांबल्या. टाळेबंदी उठली तरी त्या सुरू होईनात, कारण आंध्रच्या गाड्या तेलंगणात जास्त धावतात हे तेलंगणाला खटकत होतं. दसरा तसाच गेला. २ नोव्हेंबर २०२० ला करार झाला तो असा : तेलंगणाने आंध्रात १ लाख ६१ हजार २५८ किलोमीटर धावायचं, आंध्रने तेलंगणात १ लाख ६० हजार ९९९. एका भाषेच्या, कालपर्यंत एकाच महामंडळाच्या दोन भावांना बरोबरी एवढ्या बारकाईने मोजावी लागली. मला यात क्षुद्रपणा दिसत नाही. मोजणी पुरी झाली त्याच दिवशी बस सुटल्या.

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचं उलटं आहे. करार आहे, गाड्या आहेत, रोजचे हजारो प्रवासी आहेत. पण बेळगावच्या वादात कुठे काळं फासलं गेलं, कुठे वाहकाला मारहाण झाली, की दोन्हीकडच्या बस बंद होतात. डिसेंबर २०२२ मध्ये हे झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा झालं. सीमाभागातल्या ज्या मराठी माणसाच्या नावाने वाद चालतो, त्याचंच दवाखान्याला आणि कॉलेजला जाणं अडतं. भांडणाच्या दिवशी बस कशी चालू राहील याचं कलम त्या करारात हवं. पोलीस बंदोबस्त कुणी द्यायचा, नुकसान कुणी भरायचं, किती तासांत सेवा सुरू करायची, हे शांततेच्या दिवसांतच लिहून ठेवता येतं.

युरोपचं उदाहरण देताना आपण तिथल्या एकीचं कौतुक करतो. प्रत्यक्षात १९५७ च्या रोमच्या तहात समान वाहतूक धोरणाचं वचन होतं आणि मंत्रिमंडळांनी ते जवळपास तीन दशकं टोलवलं. शेवटी युरोपीय संसदेने मंत्री परिषदेवरच खटला भरला आणि १९८५ मध्ये न्यायालयाने परिषदेला कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दोषी धरलं. परदेशी ट्रकला दुसऱ्या देशाच्या आतलं भाडं उचलण्याची पूर्ण मुभा १९९८ मध्ये मिळाली. तिथे गाडी हलली ती वर कुणीतरी निकाल देणारा बसला होता म्हणून. आपल्या चार देशांत प्रत्येकाची आपापली समिती आहे, चौघांना बांधील करणारं कुणी नाही. आणि हे फक्त श्रीमंतांना जमतं असंही नाही. मोम्बासा बंदरातून युगांडा, रुवांडा, बुरुंडीकडे जाणाऱ्या वाटेसाठी त्या गरीब देशांनी १९८५ पासून एक संयुक्त प्राधिकरण चालवलं आहे. मलाबाच्या सीमेवर केनिया आणि युगांडा यांचे अधिकारी एकाच ठिकाणी बसून कागद तपासतात.

सुरक्षेचा आक्षेप मी हलका मानत नाही. उघड्या सीमेतून शस्त्रं, अमली पदार्थ, बनावट नोटा येऊ शकतात. पण माल उघड्या आवारात उतरवून, शेकडो हातांतून फिरवून पुन्हा चढवण्याने सुरक्षा वाढते, हे पटण्यासारखं नाही. इलेक्ट्रॉनिक सील लावलेला, जीपीएसवर दिसणारा कंटेनर जास्त सुरक्षित असतो. कोलकाता आणि विशाखापट्टणम बंदरांतून नेपाळला जाणाऱ्या मालासाठी आपण हीच पद्धत वापरतो, आणि सीलबंद वाहतुकीच्या टीआयआर या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१७ पासून आहे. राहिला प्रश्न बेनापोलच्या हमालांचा. तो खरा आहे. त्यांची रोजी जाणार असेल तर त्याचं उत्तर गोदामं आणि शीतगृहांच्या कामातून करारातच द्यावं लागेल. मनमाडच्या हमालांना ते कुणी दिलं नव्हतं.

सगळ्यांत जास्त नुकसान मात्र रात्रीतून बदलणाऱ्या हुकमांनी होतं. १४ सप्टेंबर २०२० ला भारताने कांद्याची निर्यात अचानक बंद केली आणि सीमेवर पोहोचलेले ट्रक जागच्या जागी सडत उभे राहिले. जुलै २०१८ मध्ये आपण एका धुरीवरचा भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. शेजारच्या देशातले पूल ते वजन पेलतात का, हे आधी एकत्र बसून तपासण्याची व्यवस्था नाही. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने जमिनीच्या मार्गाने येणारं सूत थांबवलं, भारताने बांगलादेशी मालाला आपल्या बंदरांतून पुढे जाण्याची सवलत काढून घेतली आणि मे महिन्यात त्यांचे तयार कपडे जमिनीच्या नाक्यांवर रोखले. राजकीय कारणं दोन्हीकडे असतील. पण १९८९ मध्ये आपण नेपाळशी असलेले व्यापार आणि मार्गस्थ वाहतुकीचे करार संपू दिले, २०१५ मध्ये पुन्हा त्या सीमेवर मालमोटारी अडकल्या, आणि २०१६ मध्ये नेपाळने चीनशी मार्गस्थ वाहतुकीचा करार केला. अडवलेली गाडी दुसरी वाट शोधते, मग ती हिमालयातून का असेना.

म्हणून माझी मागणी मोठ्या परिषदेची नाही. चारही देशांनी एवढं एक कलम मान्य करावं की वाहतुकीवर परिणाम करणारा कोणताही नवा नियम ९० दिवसांची सूचना दिल्याशिवाय लागू होणार नाही, आणि ज्या मालाची बिल्टी आधीच फाटली आहे तो जुन्या नियमानेच पलीकडे जाईल. त्यासोबत धुरीभार, विमा आणि चालक परवान्याचा एकच तक्ता, आणि तंट्यावर ठरावीक दिवसांत निकाल देणारं तीन माणसांचं मंडळ. यासाठी कुणाचा झेंडा खाली येत नाही. निर्यातीची अधिसूचना निघते तेव्हा दिल्लीत निर्यातदारांच्या संघटनांचं म्हणणं पोहोचतं. हिंगोली, वसमत, बाळापूरच्या बाजार समित्यांनीही आपलं म्हणणं लेखी पाठवायला लागावं, आणि इथल्या खासदारांनी ते वाणिज्य मंत्रालयाच्या टेबलावर ठेवावं : कोणत्या महिन्यात किती हळद निघते, ती सीमेवर किती दिवस थांबते, आणि त्या थांबण्याचे क्विंटलमागे किती रुपये मोंढ्यात कापले जातात.